खळ्यावरचा गोल्फ

"भाऊ, गोट्याच खेयाच्या अशीन तं पारावर या ना. वावर कायले नासवता?"

धुऱ्यापलीकडून शेजारच्या काकाजींनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी गुडघ्यावर बसून जमिनीत पाइपचा तुकडा पुरत होतो. वय साठीच्या पुढे, हात शेणामातीचे, बाजूला एक लोखंडी काठी आणि पांढऱ्या चेंडूंची बादली. त्यांचा तरी काय दोष? मी हसलो आणि कामाला लागलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

तर मंडळी, मामला असा. नोकरीची बत्तीस वर्षं पुण्यात काढली. तिथे एका साहेबाच्या नादाने गोल्फचा नाद लागला. निवृत्तीनंतर गावी आलो. गाव मंगरुळपीर तालुक्यात, जिल्हा वाशीम. धाकटा भाऊ शेती बघतो. विहिरीजवळ, निंबाखाली आमचं जुनं खळं आहे, चारेक गुंठ्यांचं. मळणीयंत्र आल्यापासून खळ्याला कुणी विचारत नाही. तिथे मी सरावाची जागा करायला घेतली. माझ्यासाठी थोडी, पण खरी पुतणीसाठी. आठवीत आहे. दिवाळीत सहज हातात काठी दिली, तर पोरीने दहातले सात चेंडू सरळ मारले. "मोठेबाबा, हे मले रोज खेयाचं आहे," म्हणाली. आता सांगा, काय करायचं? पुण्याला पाठवायचं?

माझ्यावर दोन बाजूंनी हल्ला झाला. एका बाजूला गाव: हा श्रीमंतांचा खेळ, शेतकऱ्याने वावरात खेळायचा नाही. दुसऱ्या बाजूला शहरातले एक जाणकार ओळखीचे. त्यांनी फोनवरच आराखडा सांगितला: बोअर घ्या, स्प्रिंकलर लावा, लॉनचे गादे मागवा, मग बघा. हिरवळीशिवाय गोल्फ म्हणजे पाण्याशिवाय पोहणं, असंही वर ऐकवलं.

गंमत बघा. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटणार नाही, पण एका गोष्टीवर एकमत आहे. गोल्फ म्हणजे हिरवळ. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला रोज पाच मिलिमीटर तरी लागतंच, आणि हे मी हात राखून सांगतोय. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे एका एकराच्या लॉनला रोज वीस हजार लिटर! जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. भागाकार करा. साडेतीनशेहून जास्त माणसांचं पाणी एका एकराच्या गवतावर. मे महिन्यात ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात, तिथे हे करणाऱ्याला मी खेळाडू म्हणणार नाही.

२०१६ साल आठवतं ना? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा क्रिकेटवेडे चिडले होते. मीही थोडा चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? आज वाटतं, प्रश्न बरोबर विचारला गेला होता. फक्त तो प्रश्न "खेळ की पाणी" असा नव्हता. "पाणी पिणारं मैदान की पाणी" असा होता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो आपण कधी केलाच नाही.

आता हिरवळवाल्यांसाठी थोडा इतिहास. हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, रेताड जमिनीवर. ती जमीन नांगरायच्या कामाची नव्हती, म्हणून खेळायला मिळाली. गवत पावसावर उगवायचं आणि मेंढ्या ते खुरटं ठेवायच्या. कुणी पाणी घालत नव्हतं. म्हणजे त्यांचं ते मैदान आमच्या खळ्याचंच भावंड, पिकाच्या उपयोगाचं नसलेलं. त्यांच्याकडे पाऊस आहे म्हणून गवत आलं. आमच्याकडे ऊन आहे, तर माती येईल. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पेडी नावाचं ओपलच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या मैदानावर गवत नाही. खेळणारे हिरवळीचा एक छोटा तुकडा बरोबर बाळगतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतात. आपल्याकडेही छावण्यांमधल्या जुन्या कोर्सवर 'ग्रीन'च्या जागी 'ब्राऊन' असायचे. तेल मिसळलेल्या वाळूचे, दाबून सपाट केलेले.

तेल मिसळलेली वाळू ऐकून तुम्हाला काही आठवलं? मला तालीम आठवली. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद घालून ती मळतात, जपतात. कबड्डी मातीत, कुस्ती मातीत, खोखो मातीत. मातीला मैदान करायची विद्या आपल्याला कुणाकडून उसनी आणायची गरज नाही. खळं म्हणजे तरी दुसरं काय होतं? मुरूम आणि पांढरी माती पसरायची, पाणी शिंपडायचं, बैल फिरवायचे, धुम्मस मारायचा आणि वरून शेणाने सारवायचं. एक दाणा मातीत जाणार नाही इतकं गुळगुळीत. आमचे आजोबा खळं झालं की त्यावर ज्वारीचा दाणा टाकून बघायचे, कुठे अडतो का ते.

मी तेच केलं. बैल नव्हते, भावाच्या ट्रॅक्टरचं चाक फिरवलं. एक गुंठा जागा सारवली, वर चाळलेल्या रेतीचा पातळ थर दिला आणि ओला बारदाना ओढून तो सारखा केला. तेल मात्र घातलं नाही. उद्या तिथे पुन्हा पीक घ्यायचं झालं तर माती खराब नको. नियमाप्रमाणे गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं. आमच्या पाइपलाइनचा उरलेला ११० चा तुकडा होता. आतून तो थोडा लहानच भरतो. सरावाला बरंच की! पाणी म्हणाल तर पंधरवड्याला सारवणाचा एक दोनशे लिटरचा ड्रम. याच एका गुंठ्यावर गवत लावलं असतं तर पंधरवड्याला साडेसात हजार लिटर गेले असते.

"पण एवढ्याशा जागेत सराव कसला?" असं जाणकारांनी विचारलं. ७२ फटक्यांचं कोर्स असतं, तेव्हा अठरा भोकांना प्रत्येकी दोन असे ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात. पटिंग म्हणजे भोकाजवळ आल्यावर चेंडू हलकेच घरंगळवत नेणं. अर्धा खेळ तिथेच! त्याला गुंठाभर जागा पुरते. लांब फटक्यांसाठी मोकळं रान लागलं असतं आणि चेंडू काकाजींच्या तुरीत गेले असते. एखाद्या निंदणाऱ्या बाईला लागला तर? म्हणून बल्ल्या रोवून जाळं टांगलं. बारीक विणीचं, सैल सोडलेलं, मागे जुनी ताडपत्री. चेंडू जाळ्यात जातो आणि खाली पडतो. जाळ्यामागे कुणी उभं राहायचं नाही, हा पहिला नियम.

एक आक्षेप मात्र मान्य करतो. मातीत शिकलेला पहिलवान गादीवर गेला की अडखळतो, हे आपण कुस्तीत पाहिलंय. रेतीवर शिकलेली पोरगी हिरवळीवर अडखळेल. अडखळू दे. तेव्हा तिला चार दिवस हिरवळ असलेल्या गावी नेईन. पण अडखळण्यासाठीसुद्धा आधी हातात काठी यावी लागते. महूचे मुकेश कुमार एकेकाळी कॅडी होते. २०१६ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांनी दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकली. एस. एस. पी. चौरसियांचे वडील कोलकात्याच्या क्लबात मैदानाची निगा राखायचे. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी दोनदा इंडियन ओपन जिंकली. यांना खेळ मिळाला तो मैदान भिंतीआड असूनही. आमच्या पोरांना तर ती भिंतसुद्धा जवळ नाही. "श्रीमंतांचा खेळ" म्हणून आपण हसतो, तेव्हा ती भिंत आपणच एक वीट उंच करतो.

आता गाववाल्यांशी दोन शब्द. शेतजमीन नासवली म्हणता. चार गुंठे म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. एकरी सात क्विंटल सोयाबीन धरलं तर सत्तर किलो. २०२४ च्या ४८९२ च्या हमीभावाने साडेतीन हजारसुद्धा होत नाहीत, आणि त्या वर्षी बाजारात हमीभाव तरी कुठे मिळाला? त्यात हे खळं, पिढ्यान् पिढ्या ठोकून घट्ट केलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हापासून धाकटा अधूनमधून म्हणतो, "दादा, प्लॉटिंगचा विचार करू." त्यावर कुणी "वावर कायले नासवता" म्हणत नाही. काळ्या जमिनीत चुन्याच्या रेघा मारल्या, सिमेंटचे खांब रोवले तर तो हुशार माणूस. आणि मी पोरीसाठी खळं सारवलं तर खुळा! माझ्या खळ्यावर सिमेंटचा कण नाही. उद्या वखराची एक पाळी दिली की पुन्हा वावर. प्लॉटचं पुन्हा वावर होताना कुणी पाहिलंय?

फी घेऊन हे चालवायचा विचार नाही. तसं केलं तर जमीनवापराचे नियम आले, आणि ते रास्तच आहे. ही घरची तालीम आहे. गावातलं कुठलंही लेकरू येऊन खेळू शकतं. चेंडू मात्र मोजून परत करायचे.

काकाजी परवा येऊन उभे राहिले. पुतणीने काठी त्यांच्या हातात दिली. दोन चेंडू भोकाच्या शेजारून गेले, तिसरा आत. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "उतार हाय तुहा इकडून. धुम्मस मार."

बरोबर होतं त्यांचं. निंबाच्या बाजूला बोटभर उतार निघाला.

असो. पावसाळ्यात खळं बंद राहील. सोयाबीन घरी आलं की मळणीयंत्र तिथेच उभं राहील, पहिला हक्क त्याचा. ते आटोपलं की पुन्हा सारवायचं आहे. कुणाला यायचं असेल तर या. बादली घरून आणा.