‘माहीत नाही’ म्हणायला न शिकलेला खबऱ्या



फौजेत नव्या पोराला सुरुवातीलाच शिकवतात : माहीत नसेल तर ‘माहीत नाही, साब’ म्हण, अंदाजाने ठोकून देऊ नकोस. टेहळणीवरून आलेला जवान ‘धुक्यामुळे गाड्या मोजता आल्या नाहीत’ म्हणाला, तर त्याला कोणी रागावत नाही. मनाने आकडा लावला तर मात्र खैर नाही. त्या आकड्यावर पुढची तुकडी निघणार असते.

आज बराकीतल्या प्रत्येक मोबाईलवर असलेल्या चॅटबॉटला हा धडा कोणी दिलेला दिसत नाही. चूक कोणाचीही होते. माझी तक्रार त्याच्या सुराची आहे. बरोबर उत्तर ज्या ठाम आवाजात देतो, त्याच आवाजात चुकीचंही देतो. ऐकणाऱ्याने फरक ओळखायचा कसा?

सातारा भागातल्या एका निवृत्त हवालदारांचं उदाहरण घ्या. पेन्शनचा विकलेला भाग, म्हणजे कम्युटेशन, कधी पूर्ववत होतो असं त्यांनी नातवाच्या फोनवर विचारलं. उत्तर आलं : १२ वर्षांनी. केंद्राचा नियम १५ वर्षांचा आहे. काही राज्य सरकारांचे नियम वेगळे आहेत. बहुधा त्यांचीच सरमिसळ झाली असावी. पण हवालदारसाहेबांनी वाढीव पेन्शन धरून मुलीच्या लग्नाच्या कर्जाचे हप्ते आखले होते. बँकेत गेल्यावर खरं कळलं. तीन वर्षांचा फरक चॅटबॉटला काहीच नाही, घराला फार आहे.

इकडे ईशान्येत दुसरा प्रकार. घरची मंडळी भेटायला येणार म्हटलं की जवान विचारतो, कुठे इनर लाइन परमिट लागतं? अरुणाचल, नागालँड, मिझोराम ही जुनी यादी मिळते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यात आलेलं मणिपूर कधी असतं, कधी गळतं. भालुकपोंगच्या नाक्यावर परमिट मागणारा शिपाई ‘मोबाईलने सांगितलं होतं’ हे कारण ऐकून घेत नाही. म्हातारे आईवडील तीन दिवस रेल्वेने येऊन नाक्यावर अडकले, तर सुट्टीचा हिशोबच कोलमडतो.

त्याहून वाईट खोड म्हणजे दबावाखाली पलटी मारणं. ‘नक्की का?’ एवढंच विचारा, लगेच माफी मागून दुसरं उत्तर देतो. पुन्हा दरडावा, पहिल्यावर परत येतो. पहाऱ्यावरचा संतरी कोणी आवाज चढवला म्हणून परवलीचा शब्द बदलू लागला, तर त्याला पोस्टवर कोण ठेवेल?

यामागचं कारण समजून घ्यायला हवं. हे यंत्र माहितीच्या कपाटातून फाईल काढून वाचत नाही. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, एवढं ते शिकलेलं असतं. नियम कालच बदलला असेल, परिपत्रक कुठेतरी स्कॅन करून पडलं असेल, किंवा त्या विषयावर मराठीत फारसं लिहिलंच गेलं नसेल, तरी वाक्य मात्र गुळगुळीत येतं. काही चॅटबॉट आता इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात, पण जुनं पान हाती लागलं तर गत तीच.

लष्करी गुप्तवार्तेत खबरीला प्रत देण्याची जुनी पद्धत आहे. सांगणारा किती भरवशाचा, यासाठी ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरं. खबर किती खरी, यासाठी १ ते ६ आकडे. त्यात ‘एफ’ आणि ६ यांचा अर्थ ‘ठरवता येत नाही’ असा आहे. म्हणजे अज्ञानालासुद्धा तक्त्यात मानाची जागा आहे. चॅटबॉटच्या उत्तरावर अशी प्रत कुठे दिसते?

आणि जबाबदारी कोणाची? कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्याला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. माझ्या मते न्याय हाच. हाताखालच्या जवानाच्या चुकीचा जाब कमांडरला द्यावा लागतो. यंत्र नेमणाऱ्याला वेगळी सूट कशाला? बँका आणि कार्यालयं ग्राहकांसमोर चॅटबॉट बसवत असतील, तर त्याच्या शब्दाची जबाबदारीही त्यांनी घ्यावी.

तोवर माजी सैनिक बांधवांना आणि वीरनारींना एकच विनंती. अर्जाचा मसुदा, इंग्रजी पत्राचा अर्थ, मुलांच्या गणिताची उकल यासाठी खुशाल वापरा. पण पेन्शन, औषधाचा डोस, कोर्टाची तारीख, प्रवासाचं परमिट यांबाबत त्याचं उत्तर ‘एफ-६’ धरा. स्पर्श पोर्टल, आपलं रेकॉर्ड ऑफिस, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, डॉक्टर, यांच्याकडून पडताळल्याशिवाय पाऊल उचलू नका. तिथला बाबू उद्या यायला सांगेल, वैताग येईल. तरीही ‘बघून सांगतो’ म्हणणारा माणूस न बघताच सांगणाऱ्या यंत्रापेक्षा भरवशाचा.