दार दाखवा, मग जकात मागा

मागे उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलो होतो. ते देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी तिथेच, त्यामुळे मराठी घरेही आहेत. अशाच एका घरी उतरलो, तर तिथले काका वैतागलेले. मुलगा आखातातली नोकरी सोडून परतला होता. मागून बोटीने चार पेट्या यायच्या होत्या. त्या कुठल्या कस्टममध्ये सोडवायच्या? एक एजंट म्हणाला मुंबई, दुसरा म्हणाला इंदूर, तिसऱ्याने आधी पैसे मागितले. काका मला म्हणाले, "तुम्ही सरकारी माणूस, तुम्हीच सांगा." मी मान खाली घातली.

गोव्यात परतल्यावर कायदा काढून बसलो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे 7वे कलम सांगते की परदेशी माल वाटेल तिथे उतरवता येत नाही. कुठली बंदरे, कुठले विमानतळ, जमिनीवरची कुठली नाकी आणि कुठले कंटेनर डेपो, हे सरकार अधिसूचना काढून ठरवते. काही ठिकाणी ठराविक मालच चालतो. प्रवाशाने सोबत आणलेली बॅग विमानतळावरच तपासली जाते, मागून पाठवलेल्या सामानाची वाट वेगळी. उज्जैनला समुद्र नाही, पण इंदूरजवळ पीथमपूर भागात डेपो आहेत, आणि सीलबंद कंटेनर बंदरातून तिथवर जाऊ शकतो. मात्र माल बुक करताना बिल्टीवर शेवटचे ठिकाण कुठले लिहिले, यावर सारे अवलंबून. म्हणजे काकांच्या प्रश्नाचे उत्तर पेट्या निघण्यापूर्वीच ठरले होते. त्यांना ते कोणी सांगितले नव्हते, एवढेच!

"सगळे वेबसाइटवर आहे," असे आम्ही कारकून लोक म्हणतो. आहे ना! डेपोंची यादी 1997 च्या अधिसूचनेत, आणि तिच्यावर दुरुस्त्यांची पुटे. ती खरवडून आपल्या गावाचे दार कुठले ते सामान्य माणसाने शोधायचे. याला माहिती देणे म्हणतात की लपवणे?

गंमत म्हणजे हे उज्जैनला नवे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'ओझेने' म्हणजे उज्जयिनी येते. तिथले अकीक आणि तलम कापड भडोच बंदरात उतरत असे. भडोचच्या खाडीत गलबत अडकू नये म्हणून राजाचे कोळी वाट दाखवायला समोर जात. राजा जकात घ्यायचा, पण आधी वाटाड्या पाठवायचा! कौटिल्यही शुल्कशाळा नगराच्या महाद्वाराजवळ बांधून तिच्यावर ध्वज लावायला सांगतो. लांबून दिसावी म्हणूनच ना? वादळात सापडलेल्या नावेवर बापासारखी कृपा करावी आणि भिजलेल्या मालाची जकात माफ किंवा निम्मी करावी, हेही त्यानेच लिहिले आहे.

आणि आमचा गोवा? 1961 पूर्वी आगगाडीने येणाऱ्याला कॅसलरॉकला भारताचे कस्टम आणि कुळ्याला पोर्तुगिजांची अल्फांदेग लागायची. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण ट्रंक कुठे उघडायची हे त्यांना पाठ होते. परक्यांच्या राज्यात अडाणी माणसाला दार माहीत होते. आज पदवीधराला एजंट लागतो. कोणी म्हणेल, तेव्हा दारे दोनच होती, आज शेकडो आहेत. कबूल! पण म्हणूनच पाटी मोठी हवी, लहान नव्हे.

मोपा, दाबोळी आणि मुरगाव या आमच्या तीन दारांची तरी ही गोष्ट सोपी करता येईल. प्रवाशाचे सामान कुठे, मागून येणारे कुठे, व्यापाराचा माल कुठे, बिल्टीवर काय लिहून घ्यायचे, हे सारे एका पानात मावते. ते मराठी-कोंकणीत छापा, पंचायतीत लावा. आखातात, बोटीवर आणि विलायतेत ज्यांची मुले आहेत अशी घरे इथे गावोगाव आहेत.

जकात द्यायला कोणाची ना नाही. पण वाट न सांगता घेतलेली जकात आणि आडवाटेवरची वसुली यांत सामान्य माणसाला फरक दिसत नाही. तो दाखवणे आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांचे काम आहे. त्या दिवशी उज्जैनला मी मान खाली घातली, ती याचसाठी.