एकोणतिशीची वेस

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात मुले गुणपत्रिका घ्यायला येतात, आणि बरोबर आया येतात. मुलाचे विचारून झाले की त्यांतली एखादी आवाज उतरवून स्वतःचे विचारते, "सर, या वयात मला काही शिकता येईल का? शासनाची काही मदत मिळते का?" पहिल्या प्रश्नाला आम्ही लगेच 'हो' म्हणतो. दुसऱ्यापाशी मात्र अडखळायला होते. का, ते पालकांपुढे आणि विश्वस्तांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

मध्य प्रदेश शासनाने २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना' आणली. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतलेली, शासकीय हिंदीचा जडपणा चांगला परिचयाचा. त्यामुळे हे साधे बोलीतले नाव वाचून बरे वाटले. कल्पनाही चांगली. कारखान्यात, दुकानात, कार्यालयात प्रत्यक्ष काम करत शिकायचे आणि शिकताना दरमहा विद्यावेतन घ्यायचे. योजना आली तेव्हा बारावी उत्तीर्णाला ८,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,५००, पदविकाधारकाला ९,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. त्यातले ७५ टक्के शासनाने थेट बँक खात्यात भरायचे, उरलेले काम शिकवणाऱ्या आस्थापनेने. आमच्या बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही योजना जरूर समजून घ्यावी. मूल निवासी प्रमाणपत्र आणि समग्र आयडी आताच नीट करून ठेवावे. आयडीतले नाव आणि गुणपत्रिकेतले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे किती खेटे घालावे लागतात, हे आमच्या लिपिकांना विचारा.

पण वयाची अट आहे १८ ते २९. म्हणजे जिचा मुलगा बारावीत आहे, ती आई या वेशीच्या बाहेर. तिचे लग्न विसाव्या-बाविसाव्या वर्षी झाले, पुढची पंधरा वर्षे घरात गेली, आता कुठे दुपारचे चार तास मोकळे झाले. शिकायची खरी सवड मिळाली तेव्हा मदतीचे वय संपलेले!

शासन म्हणेल की पैसा मर्यादित आहे आणि तरुणावर केलेला खर्च अधिक वर्षे फळ देतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु पस्तिशीच्या माणसापुढेही कामाची पंचवीस वर्षे असतात, आणि त्याच्या मिळकतीवर घर चालते. विद्यावेतनाची गरज खरे तर त्यालाच जास्त. विशीतला मुलगा वडिलांच्या घरी राहून वर्षभर शिकू शकतो. घर चालवणारा माणूस रोजगार सोडून वर्गात बसणार कसा?

इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. त्या काळच्या औद्योगिक बदलांत ज्यांचे काम गेले त्यांच्यासाठी केंद्राने १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला होता. कामगारांना नवे कौशल्य शिकवणे हा त्याचा एक हेतू होता. पैसा मात्र बहुतांश स्वेच्छानिवृत्तीवर गेला. हुकुमचंदच्या कामगारांची २२४ कोटींची देणी तर डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली. चाळिशीत काम गेलेला माणूस तोवर सत्तरीत पोचला होता. देणी उशिरा का होईना मिळाली. शिकून पुन्हा उभे राहण्याची वर्षे कोण परत देणार?

वयाची वरची मर्यादा नसलेली योजना चालवता येते, याचेही दाखले आहेत. केंद्राच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, कुंभार, गवंडी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. किमान वय १८, कमाल वयाची अट नाही आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता. उणीव एवढीच की ती हे काम आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे. नव्याने शिकू पाहणाऱ्या गृहिणीला तिचा उपयोग नाही. त्याहून जुना दाखला १९५८ चा. दुर्गाबाई देशमुख अध्यक्ष असताना केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शिक्षण सुटलेल्या बाईला सुमारे दोन वर्षांत मॅट्रिकपर्यंत आणायचे, म्हणजे तिला परिचारिका, ग्रामसेविका, शिक्षिका होण्याच्या वाटेला लागता यावे. वर्ग चालवायचे स्वयंसेवी संस्थांनी आणि अनुदान द्यायचे मंडळाने. ते मंडळ २०२२ मध्ये बंद झाले. गरज काही बंद झाली नाही.

आमचे म्हणणे असे की राज्याने निदान स्त्रियांसाठी आणि काम गेलेल्यांसाठी ही मर्यादा ४५ पर्यंत न्यावी आणि अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला अर्धे विद्यावेतन द्यावे. समाजातल्या संस्थांनी मिळून तसे निवेदन द्यायला हरकत नाही.

तोवर आपल्या हातातले करू. शाळेच्या चार खोल्या दुपारच्या सत्रानंतर रिकाम्या असतात. मुक्त विद्यालयाच्या दहावी-बारावीला कमाल वयाची अट नाही, आणि बारावी झाली तर पुढचे बरेच दरवाजे उघडतात. त्या परीक्षांसाठी पालकांचा संध्याकाळचा वर्ग सुरू करण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. शिकवायला आमचे शिक्षक तयार आहेत. प्रश्न वीज, पुस्तके आणि परीक्षा शुल्काचा आहे. ज्यांना वर्गात यायचे आहे त्यांनी पुढच्या पालकसभेला शेवटच्या उत्तीर्ण वर्गाची गुणपत्रिका घेऊन यावे. ती हरवली असेल तरी यावे, दुसरी प्रत काढण्याचे आपण पाहू.