जिंकलं की आपला, हरलं की परका

जर्मनीत आइस हॉकी पाहणाऱ्यांना लिओन ड्रायझाइटल हे नाव नवीन नाही. कोलोनचा हा पोरगा कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्सकडून खेळतो. 2020 मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा त्याच संघात असलेल्या ईथन बेअरबद्दल मात्र इथे फारसं कोणी बोललं नाही.

बेअर हा सस्कॅचवानमधल्या ओचापोवेसचा, कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी क्री समाजातला. 28 जुलै 2020 च्या सराव सामन्यात तो पाठीवर आपलं आडनाव क्री लिपीत असलेली जर्सी घालून उतरला. यात विशेष काय? 1953-54 मध्ये शिकागोकडून 11 सामने खेळलेला क्री खेळाडू फ्रेड ससाकामूस हॉकी शिकला तो निवासी शाळेत. आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांची भाषाच मोडून काढायची, हे अशा शाळांचं धोरण होतं. त्या भाषेची अक्षरं आता जर्सीवर आली.

मे 2021 मध्ये विनिपेगने ऑयलर्सना मालिकेत 4-0 असं हरवलं. हरला सगळा संघ, ड्रायझाइटलसुद्धा. पण समाजमाध्यमांवर वंशावरून शिवीगाळ झाली ती बेअरला. आपल्या समाजाचा अभिमान आहे, असं त्याने व्हिडिओतून ठामपणे सांगितलं आणि खेळत राहिला. 2023 च्या जागतिक स्पर्धेत तो कॅनडाच्या संघात होता. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅनडाने जर्मनीला 5-2 असं हरवलं.

इथल्या वाचकांना यावरून मेसुत ओझिल आठवेल. 2018 मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना तो म्हणाला होता, की जिंकल्यावर आपण जर्मन आणि हरल्यावर स्थलांतरित ठरतो. ओझिलचं घराणं तुर्कस्तानातून आलेलं. आपणही बाहेरचेच. म्हणून मुलांना कुणी टोमणा मारला की आपण म्हणतो, "जाऊ दे रे, आपण इथे पाहुणे, थोडं सोसायचं."

बेअरकडे पाहिलं की हा हिशेब चुकतो. त्याचे पूर्वज तर बाकी सगळ्यांच्या आधीपासून तिथले. तरीही तो परका ठरला! म्हणजे कोण आधी आलं, कोण नंतर, हे कुणी बघत नाही. खापर कुणाच्या डोक्यावर फोडणं सोपं, एवढंच बघतात.

तेव्हा मुलांना सोसायला शिकवू नका. शाळेत किंवा क्लबात असं काही घडलं तर त्याच आठवड्यात शिक्षकांशी, ट्रेनरशी बोला. आणि गावाकडच्या आजी-आजोबांनीही फोनवर "सांभाळून घे बाळा" म्हणण्याआधी नातवंडाचं सगळं ऐकून घ्यावं.