पत आपली, वही दुसऱ्याची

आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा घरकर्जासाठी बँकेत गेला. नोकरी पक्की, कागदपत्रे चोख. तरी अर्ज नामंजूर. साहेब संगणकाकडे बोट दाखवून म्हणाले, "रिपोर्ट खराब आहे." या मुलाने आयुष्यात एकच कर्ज काढले होते, मोटारसायकलचे. तेही वेळेवर फेडून बेबाकी दाखला घेतला होता. पण कर्ज फिटल्याचे त्या जुन्या बँकेने पुढे कळवलेच नव्हते. दाखला घरातल्या ट्रंकेत आणि थकबाकी देशभर!

पूर्वी वाण्याच्या वहीत चुकून नावे रक्कम पडली, तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून भांडता येई. आता ही वही डोळ्यांना दिसत नाही. २००० साली सिबिलची स्थापना झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपला हिशेब ठेवतात. सिबिलच्या लेखी तुमची-आमची पत म्हणजे ३०० ते ९०० मधला एक आकडा.

चुका होतात त्या आळसाने आणि कधी आपल्या रीतीभातींनीही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून ही जन्मतारीख टाकून दिली, अशी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यात आडनाव पाटील किंवा जाधव असले की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसायला कितीसा वेळ लागणार?

मात्र प्रत्येक वाईट नोंद चुकीची नसते. मित्राला जामीन राहिलो आणि त्याने हप्ते थकवले, तर तो डाग आपल्यालाही लागतो. तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर ते 'सेटल्ड' राहते, 'क्लोज्ड' होत नाही. खरी नोंद पैसे घेऊन पुसून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

चुकीची नोंद मात्र दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चूक दिसली की दाखला जोडून त्या कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार करावी. कंपनीला परस्पर खाडाखोड करता येत नाही, ती बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, सगळे मिळून ३० दिवस. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच.

इथेच माझी तक्रार आहे. गहाण ठेवलेली घराची कागदपत्रे कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत परत केली नाहीत, तर बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरावे लागतात. हा नियमही रिझर्व्ह बँकेचाच, २०२३ सालचा. घराच्या कागदांना पाच हजार आणि माणसाच्या नावाला शंभर? शिवाय ज्याने चूक केली, त्यालाच विचारायचे, "चूक झाली का हो?" तो "नाही" म्हणाला की गरीब माणसाचे पाय लटपटतात.

बँका म्हणतील, ठेवीदारांचा पैसा आहे, बुडव्यांची नोंद ठेवायलाच हवी. अगदी खरे. पण ज्याने नोंद केली त्याने पुरावाही दाखवावा. मुदतीत कागद दाखवता आला नाही, तर ती नोंद तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी. एवढी मागणी काही अवाजवी नाही.

काकांच्या मुलाची नोंद अखेर दुरुस्त झाली. तोवर तो फ्लॅट दुसऱ्याने घेतला होता. काकू म्हणाल्या, "नशीब!" मला ते नशीब वाटत नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. दुसऱ्याच्या घरी असलेली आपली ही वहीदेखील वर्षातून एकदा, त्याच सुमारास, उघडून वाचावी. आणि बेबाकी दाखला कधीच रद्दीत घालू नये.