क्लच गेला कुठे?

परीक्षा जवळ आली की आपण बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात धावतो. गाईड आणायचं, रट्टा मारायचा, पेपर टाकून मोकळं व्हायचं! टर्बोशाफ्ट इंजिनाची आकृती आपल्याला पाठ असते, पण ती तशी का, हे कुणी विचारत नाही.

आपल्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांचंच बघा. त्यांचं मूळ इंजिन फ्रान्सच्या टर्बोमेकाचं आर्टूस्ट. त्यात कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच शाफ्टवर. रोटरला ताकद जाते तीही त्याच शाफ्टवरून. म्हणून इंजिन सुरू करताना रोटर सुटा ठेवायला क्लच लागतो. त्याच कंपनीचं टीएम-३३३ पुढे 'ध्रुव'मध्ये आलं. त्यात रोटर फिरवणारं टर्बाइन वेगळं, मधे जोडणारा दांडा नाही, फक्त गरम वायू. एचएएल आणि टर्बोमेकाने मिळून केलेलं, २००७ मध्ये 'ध्रुव'वर उडालेलं 'शक्ती'सुद्धा याच जातीचं.

हे समजायला त्याच पेठेतली तापकीर गल्ली पुरे. कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे आणा, समोरासमोर धरा, एकच चालू करा. दुसरा नुसत्या वाऱ्यावर फिरेल. त्याला थोपवलंत तरी पहिला चालूच! मग क्लच हवाच कशाला?

'शक्ती' भागीदारीत झालं. उद्याचं इंजिन मुळापासून आपलं हवं असेल, तर रट्टा कामाचा नाही. सरांनीही व्हायव्हात आकृतीतल्या भागांची नावं विचारण्याऐवजी एवढंच विचारावं: क्लच गेला कुठे?