का? कसं? – टायरची परीक्षा



या आठवड्याच्या टपालात उंब्रजहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "माझा दादा कॉलेजात आहे. त्याला पुणे-गोवा सायकल शर्यतीत उतरायचंय. त्यासाठी शर्यतीचे टायर हवेत म्हणतो. एकेक टायर चार-पाच हजारांचा! आप्पा म्हणतात, 'सगळे टायर काळेच. उसाचं बिल काय रस्त्यावर घासायला आलंय?' आता दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

पत्र वाचून आम्हाला हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन टायरचे दहा हजार रुपये म्हणजे शेतकऱ्याच्या घरात लहान रक्कम नव्हे. आणि दादाची हौसही खोटी नाही. अशा वेळी जाहिरात काय म्हणते, मित्र काय म्हणतात, याला अर्थ नसतो. टायरलाच परीक्षेला बसवायचं. ती कशी घेतात, ते आज पाहू या.

पहिली परीक्षा एका लहान मुलामुळे झाली, बरं का! १८८७ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत होते. त्यांच्या मुलाकडे तीनचाकी सायकल होती. चाकांना भरीव रबर. दगडी रस्त्यावर तिचे दणके बसत. वडिलांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली, तिच्या कडेला रबराची नळी बसवली आणि नळीत हवा भरली. पुढे त्यांनी काय केलं? "छान जमलंय" म्हणून स्वतःची पाठ थोपटली नाही. अंगणात आधी भरीव रबराचं चाक ढकललं. ते थोडं जाऊन आडवं पडलं. मग तेवढ्याच जोराने हवेचं चाक ढकललं. ते अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकावर आपटलं आणि मागे उसळलं! १८८८ मध्ये डनलॉपना या टायरचं पेटंट मिळालं. पुढे कळलं, की रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे डनलॉप यांचं पेटंट टिकलं नाही. पण अंगणातली ती परीक्षा मात्र आजही तितकीच खरी आहे.

हवेचं चाक लांब का गेलं? आणि लांब गेलं तरी शेवटी थांबतंच, ते का?

सायकलवर बसून टायरकडे वाकून पाहा. जमिनीला टेकतो तिथे टायर थोडा चपटा झालेला दिसेल. चाक फिरतं तसा हा चपटा भाग सारखा बदलत जातो. रबर दाबलं जातं, पुन्हा फुगतं, पुन्हा दाबलं जातं. दाबताना आपण जेवढी शक्ती देतो, तेवढी सगळी रबर परत करत नाही. थोडी खाऊन टाकतं! चेंडू हातातून सोडला, तर तो पुन्हा हातापर्यंत येत नाही ना? तसंच. खाल्लेल्या शक्तीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावर भरीव रबराचं चाक प्रत्येक खड्याला ठेच खातं. हवेचं चाक खडा पोटात घेतं आणि पुढे जातं.

महागड्या टायरमध्ये ही "खाण्याची" सवय कमी केलेली असते. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. आत सुताचं जाळं असतं. शर्यतीच्या टायरचं सूत बारीक आणि दाट, वरचं रबर पातळ. हातात घेतला तर तो कापडासारखा दुमडतो. तो सहज वाकतो, म्हणून शक्ती कमी खातो. रोजच्या सायकलचा टायर जाड आणि ताठ असतो. तो वाकवायलाच जास्त शक्ती लागते.

हे मोजतात कसं? प्रयोगशाळेत लोखंडाचा एक मोठा ढोल असतो. मोटर तो फिरवते. टायरमध्ये ठरलेली हवा भरून, ठरलेलं वजन देऊन तो ढोलावर दाबतात. टायरमुळे ढोल फिरवायला किती जास्त शक्ती लागली, ते मोजतात. त्यावरून एक आकडा मिळतो. शर्यतीच्या चांगल्या टायरचा आकडा ०.००४ च्या आसपास, कधी त्याहूनही कमी. जाडजूड टायरचा ०.००८ किंवा त्याहून जास्त.

एवढासा आकडा पाहून नाक मुरडू नका. गणित करू या. दादा आणि सायकल मिळून ८० किलो धरू. ८० ला ०.००४ ने गुणलं की ०.३२ किलो, म्हणजे ३२० ग्रॅम. जाड टायर असेल तर ६४० ग्रॅम. जणू कोणीतरी सायकलला मागून तेवढ्या वजनाने ओढून धरलंय. फरक ३२० ग्रॅमचा.

आता खरी गंमत पाहा. पुणे-गोवा ही डेक्कन क्लिफहँगर शर्यत सुमारे ६४० किलोमीटरची. तेवढ्या अंतरात ही ३२० ग्रॅमची ओढ सतत सोसायची, तर शरीराला सुमारे दोन हजार किलोकॅलरी जास्त लागतात. म्हणजे एका माणसाचं जवळजवळ दिवसभराचं जेवण! आणि अमेरिकेतल्या 'रेस अक्रॉस अमेरिका'सारखी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत असेल तर? २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. अशा ठिकाणी टायरने खाल्लेला प्रत्येक घास हिशेबात धरावा लागतो.

आता दुसरी बाजू. समजा तुमचं आणि सायकलचं वजन ६० किलो आहे आणि शाळा तीन किलोमीटरवर आहे. महाग टायर लावला तर तुमची किती शक्ती वाचेल? सुमारे सात किलोकॅलरी. म्हणजे भुईमुगाच्या शेंगेतले दोन-तीन दाणे! दोन-तीन दाण्यांसाठी दहा हजार रुपये? इथे आप्पा शंभर टक्के बरोबर.

म्हणजे आप्पाही खरे आणि दादाही खरा. प्रश्न "टायर चांगला की वाईट" असा नसतोच. "कशासाठी चांगला" असा असतो.

शिवाय परीक्षेत एकच विषय नसतो. वेगात पहिला आलेला टायर बाकीच्या विषयांत नापास होऊ शकतो. दुसरा विषय काट्याचा. प्रयोगशाळेत टोकदार सुई टायरमध्ये दाबतात आणि ती किती जोराने आरपार जाते ते मोजतात. पातळ टायर इथे बऱ्याचदा मागे पडतो. बाभळीचा काटा टायरची किंमत विचारत नाही! तिसरा विषय पकडीचा. ओल्या रस्त्यावर वळताना टायर निसटतो का? यासाठी ओल्या गोल रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत नेऊन पाहतात. चौथा विषय टिकण्याचा. शर्यतीचा टायर मऊ आणि पातळ, म्हणून लवकर झिजतो.

आणखी एक मजेची गोष्ट. पूर्वी शर्यतीत २३ मिलिमीटर रुंदीचे अरुंद टायर वापरत आणि त्यांत दगडासारखी घट्ट हवा भरत. गुळगुळीत ढोलावर तेच पळताना दिसत. पण रस्ता कुठे ढोलासारखा असतो? खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उड्या मारतो, सायकलस्वाराचं सगळं अंग हादरतं आणि शक्ती त्या हादऱ्यांत वाया जाते. हे खऱ्या रस्त्यावर मोजल्यावर ध्यानात आलं. आता शर्यतीतले खेळाडू २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरतात आणि हवा थोडी कमी ठेवतात. तेव्हा परीक्षा प्रयोगशाळेतही हवी आणि रस्त्यावरही हवी.

दादा, तू हे वाचत असशील तर ऐक. आधी आहे त्या सायकलवर शे-दीडशे किलोमीटर जाऊन ये. किती पंक्चर झाली, किती दमलास, वहीत लिहून ठेव. शर्यतीला खरंच नाव नोंदवलंस, की ती वही आप्पांपुढे ठेव आणि वरचं गणितही दाखव. हिशेब दाखवणाऱ्या माणसाचं म्हणणं कोणीही जास्त शांतपणे ऐकून घेतं. आणि आप्पा, तुम्ही "सगळे काळेच" म्हणण्याआधी एकदा दोन्ही टायर हातात घेऊन वाकवून बघा!

आता तुमची पाळी. तुम्हाला नवा टायर घ्यायचा नाही, ढोलही नकोय. डनलॉप यांच्यासारखीच परीक्षा आपण शाळेच्या मैदानावर घेऊ. तिचा विषय आहे हवा.

साहित्य : एक सायकल, हवेचा पंप, खडू, मोजपट्टी किंवा दोरी, वही.

जागा : जिथे अगदी हलका उतार आहे आणि पुढे सपाट मोकळी जमीन आहे, असं मैदान. महामार्ग नाही, सर्व्हिस रोडही नाही! उंब्रजसारख्या महामार्गावरच्या गावातल्या मुलांनी तर हे पाटीवर कोरून ठेवावं. आधी ब्रेक तपासा आणि मोठं माणूस सोबत घ्या.

कृती : उताराच्या वर खडूने रेघ मारा. पुढचं चाक रेघेवर ठेवा. पाय उचला आणि सायकल आपोआप घरंगळू द्या. पायडल मारायचं नाही, ढकलायचं नाही. सायकल अगदी हळू होऊन पाय टेकावा लागला, की तिथे खूण करा. अंतर मोजा. असं पाच वेळा करा आणि सरासरी काढा. मग टायरमध्ये नीट हवा भरा आणि पुन्हा पाच वेळा करा. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त हवेचा आकडा लिहिलेला असतो, त्याच्या पुढे जाऊ नका.

आता यातल्या तीन मेखा लक्षात ठेवा.

पहिली, एका वेळी एकच गोष्ट बदला. सायकलस्वार तोच, दप्तर असेल तर तेच, बसण्याची पद्धत तीच. हवा भरल्यावर वाकून बसलात, तर वाऱ्याचा विरोध कमी होईल आणि शाबासकी उगाच टायरला मिळेल.

दुसरी, एकदाच करून निकाल लावू नका. एखादा खडा, वाऱ्याची एखादी झुळूक फरक पाडते.

तिसरी मेख बरेच जण विसरतात. शेवटी हवा पुन्हा आधीइतकी कमी करून आणखी पाच वेळा करा. अंतर पुन्हा पहिल्याइतकं आलं, तरच फरक हवेमुळे पडला असं म्हणता येईल. नाहीतर मधल्या वेळात वाराच फिरला असेल!

कित्येकांच्या सायकलच्या टायरमध्ये महिनोन्‌महिने हवा भरलेलीच नसते. मग शाळेत जाताना धाप लागते आणि नवी सायकल हवी म्हणून घरी हट्ट सुरू होतो. आधी ही परीक्षा करून पाहा. कदाचित पंपाच्या वीस दट्ट्यांतच नवी सायकल मिळेल! पाहणी करताना टायरची बाजूही बघा. रबर झिजून आतलं सूत दिसायला लागलं असेल, तर मात्र टायर लगेच बदलायचा. तिथे काटकसर नको.

तुमचे आकडे, सरासरीसकट, आम्हाला लिहून पाठवा. आकडे अपेक्षेपेक्षा उलटे आले तरी तसेच पाठवा, खाडाखोड न करता. उलटे आकडे का आले हे शोधायला तर जास्त मजा येते!